दुसरा चित्रपट का होत नाही? स्वतंत्र चित्रपट करणाऱ्यांना खुले पत्र

स्वतंत्र मराठी चित्रपट करणाऱ्या सर्व लेखक, दिग्दर्शक, छायालेखक आणि निर्मात्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी गेली २२ वर्षे पुण्यात चित्रपटांच्या संकलनाचे काम करते. चित्रपट करायला एकत्र आलेली माणसे अजून एकत्र आहेत की नाहीत, हे संकलकाच्या खोलीत इतरांच्या आधी कळते. पहिल्या रफ कटच्या, म्हणजे कच्च्या जुळणीच्या, वेळी सगळे जण एकाच सोफ्यावर दाटीवाटीने बसतात आणि कोणाचा चहा कोणी प्यायला याचाही पत्ता नसतो. तिसऱ्या कटपर्यंत दिग्दर्शक सकाळी येऊ लागतो, निर्माता संध्याकाळी येतो, आणि दोघेही मला दुसऱ्याने काय सांगितले ते विचारतात. पुढे एखाद्या महोत्सवात निवड झाल्याची बातमी येते, आणि त्याच दिवशी मला दोन फोन येतात: मूळ हार्ड डिस्क आमच्याखेरीज कोणाच्या हाती देऊ नका. माझ्या कामाच्या आयुष्यात हे तीनदा घडले आहे. तिन्ही चित्रपट चांगले होते, आणि त्या तीनपैकी एकाही गटाने एकत्र दुसरा चित्रपट केला नाही. पडलेल्या चित्रपटामुळे मैत्री तुटल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. नावाजलेल्या चित्रपटामुळे तुटलेली मात्र पुष्कळ पाहिली आहे.

हे पत्र लिहिण्याचे निमित्त माझ्या वडिलांची एक पत्र्याची ट्रंक आहे. ते राष्ट्र सेवा दलात वाढलेले होते. १९७७ च्या मार्च महिन्यात त्यांनी राजापूर मतदारसंघात समाजवादी नेते मधू दंडवते यांच्या प्रचारासाठी गावोगाव पायपीट केली, आणि पुढच्या तीन वर्षांतली वर्तमानपत्रांची कात्रणे तारखांनिशी लावून ठेवली. जानेवारी १९८० च्या निकालांच्या रात्री दंडवते पुन्हा निवडून आले होते, तरीही वडील रेडिओ बंद करून बराच वेळ ओटीवर अंधारात बसून राहिले, हे मला स्पष्ट आठवते. मागच्या पावसाळ्यात ती ट्रंक उघडून कात्रणे क्रमाने वाचताना मला सारखे वाटत राहिले की ही माणसे मी पाहिलेली आहेत, माझ्याच खोलीतल्या त्या सोफ्यावर. १९७७ मध्ये सत्तेवर आलेल्या जनता पक्षाच्या नेत्यांचे अपयश हे आपल्यासारख्यांनी बारकाईने वाचण्याचे अपयश आहे. ते आळशी, अडाणी किंवा भ्रष्ट माणसांचे अपयश नव्हते. तुरुंगवास सोसलेल्या, अनुभवी आणि बहुतांशी प्रामाणिक माणसांनी देशाने हातात दिलेली संधी २८ महिन्यांत घालवली, आणि ज्या कारणांनी ती घालवली ती कारणे आपल्या चित्रपटांच्या गटांतही मुक्कामाला आहेत.

घटनाक्रम थोडक्यात सांगते, कारण तुमच्यातल्या अनेकांचा जन्म त्यानंतरचा आहे. १८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधी यांनी लोकसभेची निवडणूक जाहीर केली. आणीबाणी चालू होती आणि विरोधी नेते तुरुंगातून नुकते सुटत होते. २३ जानेवारीला, म्हणजे पाचच दिवसांत, संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी पक्ष यांनी मिळून जनता पक्षाची घोषणा केली. चंद्रशेखर आणि मोहन धारिया यांच्यासारखे काँग्रेसमधून बाहेर पडलेले नेतेही त्यात आले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला जगजीवनराम काँग्रेस सोडून वेगळा पक्ष काढून सोबत आले. मार्चमध्ये मतदान झाले, काँग्रेस १५४ जागांवर आली आणि खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. हे सारे दोन महिन्यांत घडले. इतक्या थोड्या वेळात, इतक्या साधनहीन अवस्थेत, इतकी वेगवेगळी माणसे एकत्र येऊन काही घडवू शकतात, ही गोष्ट ज्यांनी उसन्या कॅमेऱ्यावर १८ दिवसांत चित्रपट पूर्ण केला आहे त्यांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता त्या विजयातला एक तपशील पाहा, जो मला अलीकडेपर्यंत ठाऊक नव्हता. नव्या पक्षाला स्वतःचे चिन्ह मिळवायला वेळ नव्हता, म्हणून बहुतेक ठिकाणी निवडणूक चरणसिंग यांच्या भारतीय लोकदलाच्या चिन्हावर, चक्रातील नांगरधारी शेतकऱ्यावर, लढवली गेली. त्यामुळे निवडणूक आयोगाच्या १९७७ च्या अहवालात २९५ जागा भारतीय लोकदलाच्या नावावर दिसतात. ज्या जनता पक्षाला लोकांनी मत दिले असे सगळा देश समजत होता, त्याचे नाव त्या तक्त्यात नाही. घाईत ज्याचा कागद हाताशी होता त्याच्या कागदावर काम झाले, एवढाच त्याचा अर्थ. त्यात कोणाचा कपटीपणा नव्हता.

आपल्याकडेही अगदी असेच होते. चौघे मित्र चित्रपट करायचे ठरवतात, त्यांतल्या एकाच्या नावावर आधीपासून एक छोटी फर्म असते, तिचे बँक खाते असते, म्हणून शीर्षकाची नोंदणी त्या फर्मच्या नावाने होते, पैसे त्या खात्यात येतात, सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचा अर्ज त्याच फर्मकडून जातो. कोणाच्याही मनात काही वाईट नसते. परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता हा निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे, लेखकही नव्हे. ज्याने शेत विकून ३ लाख घातले, ज्याने दोन वर्षे पटकथा लिहिली आणि ज्याने पैसे न घेता कॅमेरा चालवला, त्या सगळ्यांचे श्रम एका फर्मच्या नावाखाली जमा होतात, आणि ती फर्म कोणत्या सोयीसाठी वापरली होती हे कुठेच लिहिलेले नसते. उसने चिन्ह घेण्यात चूक नाही. ते उसने आहे, कोणत्या अटीवर घेतले आहे आणि केव्हा परत द्यायचे आहे, हे त्याच आठवड्यात लिहून ठेवायला हवे.

विजयानंतर पहिलाच प्रश्न आला तो पंतप्रधान कोण, हा. तीन ज्येष्ठ इच्छुक होते: मोरारजी देसाई, चरणसिंग आणि जगजीवनराम. निवडणुकीपूर्वी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, कारण विचारला असता तर एकजूट टिकली नसती अशी सर्वांची समजूत होती. अखेर निवड जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी या दोन वडीलधाऱ्यांवर सोपवण्यात आली आणि २४ मार्चला मोरारजीभाईंचे नाव जाहीर झाले. जगजीवनराम इतके दुखावले गेले की ते प्रथम शपथविधीपासून दूर राहिले आणि जयप्रकाशजींनी समजूत घातल्यावर काही दिवसांनी मंत्रिमंडळात आले. चरणसिंग गृहमंत्री झाले. मात्र आपण केवळ तडजोडीमुळे दुसऱ्या स्थानावर आहोत ही सल दोघांच्याही मनातून गेली नाही. पहिल्या दिवशी जो प्रश्न मतदानाने, वाद घालून, रागावून का होईना पण उघडपणे सुटायला हवा होता, तो आदरापोटी झाकला गेला आणि पुढचे २८ महिने मंत्रिमंडळाच्या प्रत्येक बैठकीत येऊन बसला.

आपल्या गटांत हा प्रश्न फायनल कट कोणाचा, म्हणजे चित्रपटाच्या अंतिम रूपावर शेवटचा शब्द कोणाचा, या रूपात येतो. "आपण सगळे मिळून ठरवू," असे म्हणताना प्रत्येकाला वाटत असते की शेवटी माझेच ऐकले जाईल. मी दिग्दर्शकाच्या बाजूने किंवा निर्मात्याच्या बाजूने हे लिहीत नाही. माझा अनुभव असा की निर्णय कोणाकडेही असला तरी चित्रपट होतो, निर्णय कोणाकडे आहे हे ठाऊक नसले तर तो होत नाही. आणि "सर्वांचा चित्रपट" अशी श्रेयनामावली लिहिणाऱ्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे की सामूहिकपणाला नियम लागतात. सहकाराची परंपरा असलेल्या या प्रांतात गावच्या दूध संस्थेलाही पोटनियम असतात, सभेची गणसंख्या ठरलेली असते, सभासद बाहेर पडला तर त्याच्या भागाचे काय करायचे तेही लिहिलेले असते. १९७६ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'घाशीराम कोतवाल' पडद्यावर आणला तोही 'युक्त' या नावाने सहकारी संस्था उभी करूनच. एकत्र काम करण्याच्या इच्छेला रचनेचा आधार देता येतो, हे आपल्याच शहरात आधी करून पाहिले गेले आहे.

वडीलधाऱ्यांविषयी आणखी थोडे. जनता पक्षाला जयप्रकाशजींचे नैतिक बळ होते. पण त्यांच्याकडे पद नव्हते, प्रकृती साथ देत नव्हती, मूत्रपिंडाच्या विकारामुळे ते डायलिसिसवर होते, आणि भांडण त्यांच्यापर्यंत पोहोचले तरी निर्णय लागू करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नव्हता. पक्ष फुटला त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, पाटण्यात त्यांचे निधन झाले. त्या काळातली त्यांची छायाचित्रे ट्रंकेत आहेत आणि ती पाहवत नाहीत. आपल्या प्रत्येक गटाच्या मागेही असे एक ज्येष्ठ नाव असते, ज्यांच्या शब्दाखातर कलाकार येतात, लॅब थोडी सवलत देते. वाद झाला की सगळे त्यांच्याकडे धावतात, आणि ते दोन्ही बाजूंना माया लावून परत पाठवतात. त्यांना खरोखर मध्यस्थ करायचे असेल तर करारात लवाद म्हणून त्यांचे नाव लिहा, त्यांचा निर्णय बंधनकारक राहील असे लिहा, आणि त्यांना ते मान्य आहे का ते विचारा. नाही म्हणाले तर दुसरे कोणी शोधा. केवळ आदराच्या आधाराने त्या माणसावर एवढे ओझे टाकणे अन्यायाचे आहे.

ज्या प्रश्नावर मला सर्वांत जास्त लिहायचे आहे तो दुहेरी निष्ठेचा. १ मे १९७७ रोजी घटक पक्ष औपचारिकपणे विसर्जित होऊन जनता पक्ष एक झाला. पूर्वीच्या जनसंघाच्या नेत्यांचे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी असलेले नाते सर्वांना आधीपासून ठाऊक होते; त्यात लपवलेले असे काही नव्हते. विलीनीकरणाच्या वेळी या नात्याचे काय करायचे हे स्पष्टपणे ठरवले गेले नाही. पुढे समाजवादी नेते मधू लिमये यांनी दुहेरी सदस्यत्वाचा, म्हणजे जनता पक्ष आणि संघ या दोन्हींत एकाच वेळी असण्याचा, मुद्दा लावून धरला आणि १९७९ पर्यंत तो पक्ष दुभंगण्याचे मुख्य कारण बनला. या वादात कोणाची बाजू बरोबर होती यावर आमच्या घरात माझ्या लहानपणी ताटे थंड होईपर्यंत चर्चा चालत, आणि तो वाद मला इथे पुन्हा उकरायचा नाही. मला एवढेच दिसते की जो प्रश्न एप्रिल १९७७ मध्ये सद्भावनेने विचारता आला असता, तोच प्रश्न १९७९ मध्ये विचारला गेला तेव्हा हत्यार झाला होता. लिमये यांना तो तत्त्वाचा प्रश्न वाटत होता यात मला शंका नाही. पण तोपर्यंत ज्यांना केवळ सरकार पाडायचे होते त्यांनाही तो सोयीचा झाला होता, आणि ऐकणाऱ्याला या दोघांतला फरक ओळखता येईना.

आपल्या क्षेत्रात प्रत्येकाची दुसरी निष्ठा असते आणि असायलाच हवी, कारण स्वतंत्र चित्रपटावर कोणाचे घर चालत नाही. छायालेखक जाहिरातींवर जगतो, ध्वनिमुद्रक मालिकांवर, लेखक वेब सीरिजच्या संवादांवर, मी स्वतः कंपन्यांच्या माहितीपटांवर. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. गोंधळ होतो तो या निष्ठांविषयी सुरुवातीला कोणी बोलत नाही म्हणून. माझ्या त्या तीन चित्रपटांपैकी एकाच्या लेखकाने हीच कथा दोन वर्षांपूर्वी एका निर्मितीसंस्थेला ऐकवून तिच्याकडून थोडी आगाऊ रक्कम घेतली होती. त्याच्या दृष्टीने तो विषय तेव्हाच संपला होता, आणि गटातल्या दोघांना ते माहीतही होते. चित्रीकरणाच्या काळात कोणालाच त्याचे काही वाटले नाही. चित्रपटाला पारितोषिक मिळाले, एका प्लॅटफॉर्मने विचारणा केली, हक्कांच्या साखळीचे, म्हणजे कथेचे हक्क कोणाकडून कोणाकडे आले याचे, कागद मागितले, आणि त्या क्षणी ती आगाऊ रक्कम सगळ्यांना आठवली. ज्या दोघांना आधीपासून ठाऊक होते तेच सर्वांत मोठ्याने बोलले. चूक लेखकाचीच होती, पण ती बोलण्याची वेळ केव्हाच येऊन गेली होती.

म्हणून चित्रीकरणाच्या आधी एक संध्याकाळ केवळ यासाठी काढा. प्रत्येकाने सांगावे की माझ्यावर आधीची कोणती बंधने आहेत, कोणत्या तारखांना मला दुसरीकडून बोलावणे आले तर मी जाणार आहे, कथेचा कोणता भाग पूर्वी कुठे दिला आहे, घरातून कोणाचे किती पैसे घेतले आहेत आणि ते केव्हा परत करायचे आहेत. हे लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्या. ती संध्याकाळ अवघड जाईल, कदाचित एखादा जण त्या रात्रीच बाहेर पडेल, पण तो बाहेर पडल्यावरही तुमचा मित्र राहील.

सरकारच्या काळात इंदिरा गांधींना शिक्षा करण्यामागे जी शक्ती खर्च झाली तिच्याविषयी थोडक्यात. ३ ऑक्टोबर १९७७ रोजी त्यांना अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी पुरेसा आधार नाही म्हणून त्यांना मोकळे केले. आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणारा शाह आयोग कायद्याच्या वाटेने सावकाश काम करत होता. घाईने मात्र प्रतिपक्षाला सहानुभूती मिळवून दिली, आणि साधारण वर्षभरानंतर इंदिराजी चिकमगळूरमधून पुन्हा लोकसभेत पोहोचल्या. आपल्यालाही मोठ्या चित्रपटांनी खेळ पळवले, मराठीला संध्याकाळची वेळ मिळत नाही, ही तक्रार आहे आणि ती खरी आहे. मी तिच्या निवेदनांवर सह्या केल्या आहेत. पण प्रदर्शनाच्या आठवड्यात केवळ पत्रकार परिषदा घेणारा आणि कोणत्या तालुक्यात कोणत्या फिल्म सोसायटीशी, कोणत्या महाविद्यालयाशी आपण बोललो याची वही ज्याच्याकडे नाही असा गट मी पाहिला आहे. प्रतिपक्षावरचा राग हा कार्यक्रम होऊ शकत नाही, हे जनता सरकारच्या पहिल्याच वर्षात दिसून आले होते.

याच सरकारने केलेली कामे मात्र पुसली गेली नाहीत. आणीबाणी पुन्हा सहजासहजी लादता येऊ नये म्हणून घटनेत केलेली ४४ वी दुरुस्ती त्यांची आहे. आणि रेल्वेमंत्री म्हणून मधू दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर गादी बसवायला सुरुवात केली, ती त्यांची आहे. वडील मुंबईला जाताना कोल्हापूरहून गाडी धरत आणि फळीवर हात फिरवून म्हणत, "ही नानांची." दंडवते यांना ते नाना म्हणत. ज्या काळात सहकारी मंत्री एकमेकांवर जाहीर पत्रके काढत होते, त्या काळात हा माणूस आपल्या खात्याचे काम करत राहिला. त्यांनाही भूमिका होत्या, पक्षांतर्गत वादांत त्यांनी बाजू घेतली. तरीही राजापूरने त्यांना १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून दिले आणि १९८९ मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले. तुमच्या गटात वाद सुरू झाला तर पहिला प्रश्न स्वतःला हा विचारा की माझ्या खात्याचे काम पूर्ण झाले आहे का. ध्वनीचे मिश्रण अर्धवट आहे, उपशीर्षके तपासलेली नाहीत, कलाकारांचे मानधन राहिले आहे, आणि आपण श्रेयाच्या क्रमावर भांडत आहोत, असे होऊ देऊ नका. पुढचे काम देणारा माणूस तुमची बाजू बरोबर होती की चूक हे विचारत नाही. तो विचारतो की शेवटची फाइल कोणी वेळेवर दिली.

आता शेवटचा अंक. जून १९७८ च्या अखेरीस सरकारवर जाहीर टीका केल्यामुळे चरणसिंग यांना मंत्रिमंडळातून जावे लागले. २३ डिसेंबरला, आपल्या वाढदिवशी, त्यांनी दिल्लीत शेतकऱ्यांचा प्रचंड मेळावा घेतला, आणि जानेवारीत ते उपपंतप्रधान व अर्थमंत्री म्हणून परत आले. समतोल राखण्यासाठी जगजीवनराम यांनाही उपपंतप्रधान करण्यात आले. मूळ प्रश्न सोडवण्याऐवजी पदे वाढवली गेली. आपल्याकडे याच रीतीने सहनिर्माता, सहयोगी निर्माता आणि सर्जनशील निर्माता यांची पाटी लांबत जाते. जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाण यांनी विरोधी पक्षनेते म्हणून अविश्वासाचा ठराव मांडला. त्या चर्चेत जॉर्ज फर्नांडिस यांनी सरकारची जोरदार बाजू मांडली आणि काही दिवसांतच ते त्याच सरकारमधून बाहेर पडले. १५ जुलैला मोरारजीभाईंनी राजीनामा दिला. २८ जुलैला चरणसिंग इंदिरा काँग्रेसच्या पाठिंब्यावर पंतप्रधान झाले, तर यशवंतराव उपपंतप्रधान झाले. तो पाठिंबा महिनाभरही टिकला नाही. २० ऑगस्टला चरणसिंग यांनी लोकसभेला सामोरे न जाताच राजीनामा दिला. ज्यांच्याविरुद्ध दोन वर्षे लढलो त्यांच्याच आधारावर पद घ्यावे लागले, कारण तोवर आपल्या माणसांकडे परत जाण्याची वाट उरली नव्हती.

हे वाचताना मला चित्रपटाच्या शेवटच्या टप्प्यात येणारा पैसा आठवतो. चित्रीकरण झालेले असते, डीआयचे, म्हणजे रंगसंस्काराचे, आणि ध्वनीचे पैसे उरलेले नसतात, गटातली माणसे एकमेकांशी बोलत नसतात, म्हणून पुन्हा वर्गणी काढता येत नाही, आणि अशा वेळी एक गृहस्थ येऊन म्हणतात की मी पैसे पुरे करतो, फक्त सगळे हक्क माझ्या नावावर करा. त्या वेळी सही करणाऱ्याला दुसरा इलाज दिसत नसतो. ज्यांना त्या टेबलावर बसावे लागेल त्यांनी निदान एवढे जाणून बसावे: हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते, मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची मानतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. म्हणून समोरच्याच्या मसुद्यात "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण जगभर" हे शब्द कुठे आहेत ते शोधून त्यांची किंमत वेगळी मागा. आणि लेखक, गीतकार, संगीतकार यांनी लक्षात ठेवावे की २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमागृहाबाहेरच्या वापरातला त्यांचा रॉयल्टीचा समान वाटा त्यांना सहजासहजी सोडून देता येत नाही, कोणी तसे लिहून घेतले तरीही.

तुमच्यातले अनेक जण म्हणतील की आमच्यात कागद नाही, कारण आमच्यात व्यवहारच नाही, मैत्री आहे. कायदा तसे मानत नाही. नफ्यात वाटा घेऊन एकत्र काम करणाऱ्यांची भागीदारी कागदाशिवायही असू शकते, आणि मग १९३२ च्या भागीदारी कायद्यातले नियम तुम्हाला न विचारता लागू होतात. वेगळे ठरलेले नसेल तर नफा-तोटा सर्वांत समान वाटला जातो, मग एकाने ३ लाख घातलेले असोत की ३० हजार. एकाच कामासाठी झालेली भागीदारी ते काम पुरे होताच संपते, म्हणजे चित्रपट तयार झाला की तुमचे नाते कायद्याच्या दृष्टीने तिथेच संपू शकते, आणि पैसे यायला तर तेव्हा सुरुवातही झालेली नसते. शिवाय नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला करारातल्या हक्कासाठी बाहेरच्या कोणावर दावा लावणे अवघड होऊन बसते. या तीन गोष्टी माहीत असत्या तर माझ्या माहितीतल्या दोन गटांनी तरी पहिल्याच महिन्यात वकिलाकडे जाऊन यावे म्हणून वर्गणी काढली असती.

जानेवारी १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या. जनता पक्ष ३१ वर आला. वडिलांनी निकालाच्या त्या कात्रणाखाली पेन्सिलीने एकच ओळ लिहिली आहे: "आपण हरवले आपल्याला." ते त्यानंतरही सेवा दलाच्या शिबिरांना जात राहिले, पण कोणाच्या प्रचाराला पुन्हा बाहेर पडले नाहीत. मला तुमच्याविषयी तीच धास्ती आहे. पहिल्या चित्रपटानंतर चांगला छायालेखक मालिकांकडे कायमचा वळतो, चांगली लेखिका लिहिणे सोडून नोकरी धरते, आणि विचारले तर प्रेक्षकांना दोष देतात. प्रेक्षकांनी त्यांचे काही बिघडवलेले नसते.

ज्यांचे चित्रीकरण या पावसाळ्यानंतर सुरू व्हायचे आहे त्यांनी आपला करार, तो दोन पानांचा कच्चा मसुदा असला तरी, मला वाचायला द्यावा. मी वकील नाही आणि वकिलाचे काम करणार नाही. संकलक म्हणून वाचीन: कोणता प्रश्न गाळला गेला आहे, कोणता निर्णय पुढच्या दृश्यावर ढकलला आहे, कोणाचे नाव पहिल्या पानावर आहे आणि चौथ्यावर नाही. त्यासाठी मी रविवार मोकळे ठेवले आहेत आणि त्याचे पैसे घेणार नाही.

त्या तीन चित्रपटांच्या हार्ड डिस्क अजून माझ्या कपाटात आहेत. मी दरवर्षी त्या लावून पाहते, चालतात की नाही ते तपासते आणि परत ठेवते. ज्यांच्या त्या आहेत त्यांनी हे पत्र वाचले असेल तर त्यांनी माझ्याकडे यावे. फक्त एकेकट्याने येऊ नये, सगळ्यांनी मिळून यावे.

आपली,
एक संकलक, पुणे